गणपुल्यांचा फळा आणि जाखमातेची कळी

त्र्यंबकराव गणपुल्यांना आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे उत्तरावाचून राहिलेला प्रश्न. रस्त्याने चाललेल्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला "आज वार कोणता रे?" असं विचारलं, तरी हे पलीकडच्या कडेने "गुरुवार!" म्हणून ओरडत आणि गुरूचा ग्रह पृथ्वीपेक्षा केवढा मोठा आहे, तेही सांगून टाकत. उभी नोकरी मीठ खात्यात गेली. मिठागरांवरचे पांढरे ढीग पाहण्यात जन्म गेला आणि ढीग काही विचारत नाहीत. त्यामुळे निवृत्त होऊन ते चौलला आपल्या पाखाडीत राहायला आले तेव्हा उत्तरांचा साठा भरपूर आणि गिऱ्हाईक एकच, त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. पण द्वारकाबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी प्रश्न विचारणं बंद केलं होतं. कारण विचारलंत तर पुन्हा तोही एक प्रश्नच झाला.

सत्तावन्न सालच्या दिवाळीच्या सुमारास रशियाने आभाळात उपग्रहाचा तो चेंडू सोडला आणि त्र्यंबकरावांचं नशीब उघडलं. तिन्हीसांजेला अख्खी पाखाडी माना वर करून अंगणात उभी राही. कोणी म्हणे दिसला, कोणी म्हणे ते विमान होतं, आणि माडांच्या झावळ्यांमुळे खरं म्हणजे कोणालाच काही दिसत नसे. पाठोपाठ दुसऱ्या चेंडूत कुत्री बसून वर गेली. तेव्हा मात्र आजवर गप्प असलेल्या बायकाही विचारू लागल्या, की ती वर खाते काय?

गावचं सार्वजनिक वाचनालय त्र्यंबकरावांच्याच ओटीवर होतं आणि तिथले मानद चिटणीसही तेच. त्यांनी ओटीच्या खांबाला एक काळा फळा टांगला, खाली बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, डब्याला फट पाडताना अंगठा कापून घेतला, आणि फळ्याच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'शंका-समाधान. विज्ञान, समाज, चालू घडामोडी. डब्यात शंका टाका, उद्या उत्तर वाचा.' ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी तोंडी विचारावं, अशी सोयही ठेवली.

शेजारचे नाना आगाशे वाचनालयाचे अध्यक्ष होते. म्हणजे वर्तमानपत्र सर्वांच्या आधी वाचायचा हक्क त्यांचा होता. ते फळा न्याहाळून म्हणाले, "त्र्यंबक, विहिरीला कठडा नसला तर वर्षातून एखादा पडतो. तू तर वर पाटी लावतोयस, 'या, पडा' म्हणून."

"अहो नाना, समाजाला विचार करायची सवय लागली पाहिजे," त्र्यंबकराव म्हणाले.

"लागेल. पण ती तुला लागेल, समाजाला नाही," नाना म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर गेले.

सुरुवात तशी झोकात झाली. 'समुद्र खारट का?' हा पहिलाच प्रश्न आला. खात्यातला माणूस! उत्तर फळा भरून भिंतीवर उतरलं आणि द्वारकाबाईंना भिंत सारवावी लागली. तेव्हापासून चार ओळींची मर्यादा ठरली. संदर्भासाठी वाचनालयात इंग्रजी कोशाचे खंड होते, कोणा दिवंगत वकिलांनी दिलेले. परंतु सूर्य, समुद्र आणि साबण ज्या खंडात असायचे तो वाळवीने आधीच वाचून संपवला होता. त्या विषयांवर त्र्यंबकराव स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत. कुत्री वर काय खाते? नळीतून दिलेली दाट पेज. नवे पैसे सरकारने का काढले? जुन्यांची लोकांना सवय झाली होती म्हणून. मेलेला मासा पाण्यावर का तरंगतो? पोटात वायू धरल्यामुळे. याच ओघात एक प्रश्न आला : 'देवीच्या कौलाची कळी कशामुळे पडते?'

आता कौल हे आमच्याकडचं जुनं खातं. जाखमातेच्या पाषाणाला गुरव पाण्याचं बोट लावून दोन कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. आपण मनातलं विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कुठलीच पडली नाही तर देवी विचार करते आहे असं समजायचं आणि ती पडेपर्यंत कोणी उठायचं नाही, कारण देवीला मधेच सोडून जाणं बरं दिसत नाही. गाय घ्यायची का, सोयरीक जुळवायची का, होडी लोटायची का, सगळं या दोन कळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चाललेलं. त्र्यंबकरावांनी लिहिलं : 'ओलावा सुकल्यामुळे व गुरुत्वाकर्षणामुळे.' कोंडाजी गुरवाने ते कोणाकडून तरी वाचून घेतलं, "आसंल," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याने भांडण काढलं असतं तर त्र्यंबकरावांना जास्त बरं वाटलं असतं.

पण बिघडलं ते यानंतर. 'का?' असे येणारे प्रश्न हळूहळू 'करू का?' असे येऊ लागले.

पहिला रावजी. त्याची भातशेती होती आणि त्याची म्हैस आटली होती. विकू का, असं त्याने विचारलं. त्र्यंबकरावांनी चारा, क्षार आणि पशुवैद्यकाचा सल्ला यांवर चार ओळी लिहिल्या आणि शेवटी, सभ्य माणूस लिहितो तसं, 'घाई करू नये' असं लिहिलं. रावजीने एवढंच उचललं. पुढे म्हैस गाभण निघाली! जे जनावरांच्या डॉक्टरला कळलं नाही ते फळ्याला कळलं, असं रावजी बाजारभर सांगत फिरला. मग रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून विचारणा झाली, की उद्या बोंबील वाळत घालू का? त्र्यंबकरावांनी वर्तमानपत्रातून 'अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र' असं उतरवून काढलं. त्याचा अर्थ कोणालाच लागला नाही. अर्थ लागत नाही म्हणजे मामला मोठा, असं धरून बायकांनी बोंबील घरातच ठेवले, आणि नेमका अवेळी पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई सडा घालायला गेल्या आणि तशाच आत आल्या. "अहो, बघा तरी. तुमच्या विज्ञानाला हळदकुंकू लागलंय."

फळ्याच्या माथ्यावर 'विज्ञान' या शब्दाच्या बरोबर मध्यभागी कुंकवाची दोन बोटं ओढलेली होती आणि खाली नारळ फोडलेला होता. त्र्यंबकरावांचा असा संताप झाला, की तो चार ओळींत मावणारा नव्हता. द्वारकाबाईंनी मात्र भकलं उचलून आत नेली. दुपारी पानात नारळीभात आला तेव्हा त्र्यंबकरावांनी विचारलं, "हा कुठला नारळ?" द्वारकाबाई म्हणाल्या, "गुरुत्वाकर्षणाचा."

त्र्यंबकरावांनी फळ्यावर ठळक लिहिलं : 'फळ्यास नारळ वाहू नये.' त्यावर गावाचं एकमत झालं, की खऱ्या देवाला मानाची हाव नसते. नारळ दुप्पट झाले.

आणि नारळ म्हटला की सरकार आलंच. एक दिवस अलिबागेहून खाकी लखोटा आला. आतला मजकूर असा : 'सदर ठिकाणी नारळ फुटत असल्याचे समजते. तरी सदर फळा हा वाचनालयाचा भाग आहे, जाहिरात आहे की सार्वजनिक देवस्थान आहे, याचा खुलासा करावा. देवस्थान असल्यास नोंदणी करावी. नसल्यास नारळ का फुटतात ते कळवावे.' त्र्यंबकराव एसटीने अलिबागला गेले. एका टेबलावरून त्यांना दुसऱ्यावर पाठवलं, दुसऱ्यावरचे साहेब जेवायला गेले होते, आणि तिसऱ्यावर एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याने त्यांचं सगळं निवेदन, अगदी सॉक्रेटिसाच्या उल्लेखासकट, शांतपणे ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे पाहून तो टेबलावर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ते सगळं होईल हो. पण माझी बदली यंदा होईल का, तेवढं जरा बघता?"

परतीच्या गाडीत त्र्यंबकराव कोणाशी बोलले नाहीत. शेजारच्याने "चौलचं तिकीट किती?" असं विचारलं, तरीही नाही.

घरी पोचतात तो ओटीवर चंद्राबाई कोळीण बसलेली. पाटी बाजूला, पदर आवळून घेतलेला. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेला तो आलाच नाही, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

"भाऊ, माजा दादला दर्यानं नेला," ती सरळच म्हणाली. "भिकू एकलाच हाय. त्याचा काका म्हनतो, यंदा होडीवर घेतो. मामा म्हनतो, मुंबयला गिरनीत चिकटवतो. दर्याला देऊ का गिरनीला देऊ? उजवं का डावं, तेवढंच सांगा. लई लिवू नका."

त्र्यंबकरावांनी त्या रात्री खूप विचार केला आणि सकाळी चार ओळींत समुद्राचे धोके, गिरणीतल्या कापसाच्या धुळीचे दुष्परिणाम, दोन्हीकडचे फायदे असं समतोल उत्तर लिहिलं. ते लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते आवडलं. चंद्राबाईने ते रावजीकडून दोनदा वाचून घेतलं.

"भाऊ, इकडं बी आनि तिकडं बी, असा कौल कदी आसतो का?"

"हे बघ चंद्राबाई, हा कौल नव्हे. मी दोन्ही बाजू मांडल्या. निवड तुझी तू करायची."

"मला करता आली आसती तर तुमच्या वट्यावर कशाला आले आसते? आता बसते मी. पडंल तवा पडंल." आणि ती खरोखरच बसली. रोज सकाळी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन येई, ती खांबाला टेकून बसे आणि दिवेलागणीला उठून जाई. पाखाडीत कुजबुज सुरू झाली. पाटी रिकामी असली तरी वास भरलेला होता आणि गणपुल्यांच्या ओटीवर तो घमघमाट म्हणजे प्रकरण सोपं नव्हतं. वाचनालयात वर्तमानपत्र नाकाला रुमाल लावून वाचलं जाऊ लागलं.

"सांगून टाक की एक काहीतरी," नानांनी सल्ला दिला. "दोनच रस्ते आहेत. निम्म्या वेळा तरी बरोबर येशील. ज्योतिष्याला तेवढंही जमत नाही."

"आणि निम्म्या वेळा पोरगा बुडाला तर?" त्र्यंबकराव ओरडले. त्यांचा आवाज असा चिरकला, की नाना झोपाळ्यावरून उतरून उभे राहिले. म्हैस नाही विकली तर फार तर चारा जातो. इथे एका बाईचा उरलेला एकुलता एक पोर खडूच्या एका रेघेवर उभा होता आणि खडू यांच्या हातात होता. त्र्यंबकरावांना त्या खडूची मनापासून भीती वाटू लागली. जेवण जाईना.

"एवढंच अडलंय तर देवीला विचारा," पानातला तसाच राहिलेला भात पाहून द्वारकाबाई म्हणाल्या. त्या टोमणाच मारत होत्या. पण बुडत्याला काडीचा आधार, तसं त्र्यंबकरावांना झालं.

भर दुपारी, सगळी पाखाडी आडवी झालेली असताना, ते मागच्या दाराने निघाले आणि सुपारीच्या वाडीतून, रहाटाच्या आडाने, चोरासारखे जाखमातेच्या देवळात शिरले. कोंडाजी गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पंच्याने माशा वारत बसला होता. फळा सुरू झाल्यापासून त्याला दुसरं काम फारसं उरलं नव्हतं.

"या भाऊ," तो म्हणाला. चेहऱ्यावर काही नाही. "वलावा बगायला आलाव?"

ही चपराक त्र्यंबकरावांनी गिळली. "कोंडाजी, चंद्राबाईच्या पोरासाठी कळी लावायची आहे."

कोंडाजीने माशा वारणं थांबवलं. "भाऊ, ती आदी माज्याकडंच आली व्हती. मीच तुमच्याकडं धाडली."

"माझ्याकडे? तू?"

"तिचा दादला शेवटचा गेला तवा कळी मीच लावली व्हती. उजवी पडली. चांगली टपकन पडली." त्याने पंचा खांद्यावर टाकला. "त्या दिसापासनं दर्याचा कौल मी लावत न्हाय. तुमचा फळा आला तवा वाटलं, सुटलो. शिकल्यालं मानूस हाय, सांगंल कायतरी."

गुरुत्वाकर्षणाची ती ओळ त्र्यंबकरावांना आठवली आणि ती आपण लिहायला नको होती असं वाटलं, जरी ती खरीच होती तरी. दोघेही उत्तर देणारे, दोघांनाही उत्तर माहीत नाही, आणि दोघांनी एकमेकांवर ढकललेलं. अलिबागच्या कचेरीत याहून वेगळं काय चालतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

शेवटी कोंडाजी उठला. उजवी कळी दर्याची, डावी गिरणीची, असं मोठ्याने म्हणून त्याने दोन तगरीच्या कळ्या लावल्या. दोघे समोर मांडी घालून बसले. कळ्या हलेनात. उन्हं कलली. पाय बधिर झाले, पण उठायची सोय नव्हती. मधेच गावची बातमी घरोघर पोचवणारी ठमाबाई पणतीला तेल घालायला आली. देवीपुढे हात जोडून बसलेले भाऊ गणपुले तिने पाहिले, तोंडावर पदर घेतला आणि पावलं न वाजवता गेली. त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे आपण दिसत नाही असं वाटून.

तेवढ्यात कोणी तरी धावत आलं. भिकू. मिसरूड फुटलेला, खांद्याने रुंद गडी, हात कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखलेले. "भाऊ, तुमाला गावभर शोदतो. माजी आय तुमच्या वट्यावरनं उठंना झालीय. काय ता सांगून टाका तिला. इथं काय करताव?"

"तुझंच ठरवतोय," त्र्यंबकराव म्हणाले.

"माजं?" भिकूने कळ्यांकडे पाहिलं, मग दोघांकडे पाहिलं. "मंग मला कुनी इचारलं?"

जगातल्या कुठल्याही शंकेला न डगमगणारे त्र्यंबकराव कोंडाजीकडे पाहू लागले आणि कोंडाजी त्यांच्याकडे.

"बरं, तुला काय करायचंय?" त्र्यंबकरावांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी कोणाच्या मनातलं विचारलं असेल, तर ते हे पहिल्यांदाच.

"बंदरात इंजिनाची होडी आलीय. बंद पडली का मुंबयसनं मानूस यायची वाट बगायची. इथं कुनाला खोलता येत न्हाय. मला ता शिकायचं हाय. शिकून इथंच बसनार, काठावर. आय एकली हाय माजी."

"मग हे तिला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! म्हनते, कौलात बसत न्हाय. उजवीकडं दर्या, डावीकडं गिरनी, तुजं इंजिन कुठं लावू?" भिकूने तेलकट हात जोडले. "माजं नाय आयकनार ती. फळ्याचं आयकंल. तुमी लिवा, भाऊ."

कोंडाजी उठला. परडीतून त्याने तिसरी कळी उचलली आणि ती पाषाणाच्या बरोबर मधोमध लावली.

"असं चालतं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"आजपत्तूर केलं न्हवतं," कोंडाजी म्हणाला.

कळी तत्काळ पडली. कोंडाजीचं बोट पाण्याला पुरतं लागलंच नव्हतं, हे त्र्यंबकरावांनी स्वच्छ पाहिलं होतं. पण ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. उलट खाली वाकून ती कळी त्यांनी उचलली आणि खिशात ठेवली.

संध्याकाळी फळ्यावर एकच ओळ होती. कारण नाही, संदर्भ नाही, दोन बाजू नाहीत : 'भिकूने इंजिनाचे काम शिकावे.' रावजीने ती वाचून दाखवली. चंद्राबाईने पदराने डोळे पुसले, पाटी उचलली आणि म्हणाली, "एवडंच सांगायचं व्हतं, भाऊ, तर इतके दिस का लावलंव?" सकाळी फळ्याखाली केळीच्या पानावर दोन ताजी पापलेटं ठेवलेली होती. द्वारकाबाई नारळापर्यंत विज्ञानाच्या बाजूने होत्या. इथे मात्र त्यांनी ओटी दोनदा धुतली. पापलेटं आगाशांच्या मांजराने नेली आणि पाखाडीत तेवढ्या एकालाच फळ्याचा खरा लाभ झाला.

आता हे आवरायचं, असं त्र्यंबकरावांनी ठरवलं. पण तोवर ठमाबाईने आपलं काम चोख बजावलं होतं. भाऊ भर दुपारी देवळात जातात, देवीला विचारतात आणि तेच फळ्यावर उतरवतात, हे गावाला कळलं होतं. ज्या काही जुन्या लोकांना फळ्याबद्दल शंका होती, त्यांचीही फिटली. डबा ओसंडून वाहू लागला. आता फळा खोटा पडणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्र्यंबकरावांनी ओलं फडकं घेतलं आणि फळा धुऊन काढला. कुंकू गेलं, 'शंका' गेली, 'समाधान'ही गेलं. फळा काळा कुळकुळीत झाला. आता वरही काही नाही, खालीही काही नाही. लोक येतील, पाहतील, आपापल्या घरी जातील आणि ज्याचा प्रश्न त्यालाच विचारतील. या विचाराने त्यांना कित्येक दिवसांनी भूक लागली आणि ते आत पानावर बसले.

बाहेर माणसं जमली. कोरा फळा पाहून जरा वेळ कुजबुज झाली. मग ठमाबाईचा आवाज आला, "कळी पडली न्हाय आजून. देवी इचार करते. बसा गुमान, कुनी उठू नका."

सगळे बसले. रावजी बसला, कोळणी पाट्या ठेवून बसल्या, ओटी भरली, अंगण भरलं. झोपाळा सोडून नाना आगाशेसुद्धा पहिल्या रांगेत येऊन बसले. फाटकाशी अलिबागचा तो चष्मेवाला कारकून उभा होता. काखेत फाईल, हातात नारळ.

"वयनी," ठमाबाईने दारातून आत विचारलं, "कवा पडंल वो कळी?"

द्वारकाबाईंनी एकदा पानावरच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदा बाहेरच्या गर्दीकडे. "जेवायला बसलेत," त्या म्हणाल्या. "हात धुतले की सांगतील."

बाहेर सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या. आत त्र्यंबकरावांनी पान पुढे सरकवलं. "आणखी थोडा भात वाढ," ते हळूच म्हणाले.